बोटावर निभावलं

रक्त तपासायचं मशीन सकाळीच बंद पडलं आणि दुरुस्तीवाला उद्याशिवाय येणार नाही असं कळलं, म्हणून लॅबच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. अशी आयती सुट्टी मिळाली की माणसं बाजारात जातात, बहिणीला फोन लावतात, निदान वाटेत कुठेतरी बसून एक चहा तरी पितात. ती सरळ घरी आली. जिने चढली, कुलपात किल्ली फिरवली, एक चप्पल काढली आणि दुसरी काढायला वाकली, तेवढ्यात आतून तिला नवऱ्याचं हसणं ऐकू आलं.

ती वाकलेलीच राहिली. एका हातात चप्पल, दुसरा हात भिंतीला. हे हसणं तिला पाठ होतं. आधी नाकातल्या नाकात दोन-तीन फुसकारे, मग संपलं असं वाटावं इतकी शांतता, आणि मग पोटातून उसळून वर आलेलं, आवरता न येणारं, शेवटी खोकल्यात जाऊन विरणारं. विजेचा शॉक बसल्यापासून ते तिच्या कानावर पडलं नव्हतं. तसा तो हसायचा. पाहुणे आले की हसायचा, लेकीने शाळेतला विनोद सांगितला की हसायचा. पण कुणी खुर्ची पुढे सरकवली म्हणून नाइलाजाने बसावं, तसं ते हसणं. हे तसं नव्हतं. क्षणभर तिला खरोखरच वाटलं की आत तो आलाय. तो म्हणजे तोच. फार दिवस परगावी राहिलेल्या माणसाची चाहूल जिन्यात लागावी आणि छातीत धस्स व्हावं, तसं तिला झालं; आणि नंतर आठवून स्वतःचीच लाज वाटावी अशी एक गोष्ट तिच्या हातून घडली. भिंतीवरचा हात उचलून तिने कानामागे सुटलेले केस सारखे केले.

"मग? तसंच वाढलंत की काय लोकांना?" आत तो फोनवर म्हणत होता, आणि पुन्हा ते फुसकारे सुरू झाले. तिच्या हातातली चप्पल सुटून फरशीवर पडली. हसणं जागच्या जागी थांबलं. "बोलतो मग," तो हळू आवाजात म्हणाला आणि बाहेर पॅसेजमध्ये आला. नेहमीसारखी उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती, कारण त्या हाताला कापड लागलेलंसुद्धा खपत नसे. चेहऱ्यावर हसण्याचं थोडं ऊन अजून राहिलं होतं, पण तिला बघता बघता तेही उतरलं. आज लवकर कशी, त्याने विचारलं. मशीन बंद पडलं, ती म्हणाली. बरं, म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. झालं एवढंच. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काहीसुद्धा नाही. नवरा घरात हसला, ही काय तक्रार झाली?

पण ते हसणं तिच्या अंगात काटा मोडावा तसं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, रांग लागली, आणि दिवसभर ती लोकांचे हात हातात घेत राहिली. मूठ वळा, सोडा, थोडं टोचेल हं. जाड हात, सुरकुतलेले हात, भीतीने गार पडलेले हात. माणसं तिच्याकडे बघायची नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, पण हात मात्र विश्वासाने सोडून द्यायची. कोपराच्या खोबणीत बोट फिरवून शीर शोधताना तिला वाटलं, किती सोपं आहे हे. परक्या माणसाचा हात किती सहज आपल्या हातात येतो. आणि ज्या हातावर आपला हक्क आहे, तो मात्र जेवणाच्या टेबलावर एका वाटीच्या अंतरावर असतो आणि तिथवर जाता येत नाही. एका बाईच्या दंडाला पट्टी बांधून ती तशीच बसून राहिली. बाई म्हणाली, "ताई, झालं का?" तेव्हा ती भानावर आली.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. उंच इमारतींच्या गच्चीवर मोटारीची खोली असते, तिथे ग्रीसचा वास आणि पंख्यासारखा घरघर आवाज. ते त्याचं राज्य. त्याच्याबरोबरचे लोक त्याला 'वरखाली' म्हणायचे, कारण दिवसाकाठी त्याचं वर-खाली इतकं व्हायचं की बायकोच्या हातचा डबा खायला तो नक्की कुठल्या मजल्यावर बसेल ते कुणाला सांगता येत नसे. लग्न ठरवताना तिच्या मामांनी विचारलं होतं, काय करता आपण? तर हा मान खाली घालून म्हणाला होता, "लोकांना वर पोचवतो." मामांच्या घशात चहा अडकला. मग म्हणाला, "परत खालीही आणतो, मामा. खरं काम ते आहे." ती आतल्या खोलीत ओढणी तोंडात कोंबून हसली होती, आणि लग्न तिच्या बाजूने तिथेच ठरलं होतं. असा माणूस. प्रश्नाला उत्तर द्यायचा कंटाळा आला की शीळ घालायचा. 'हो'ची शीळ वेगळी, 'नाही'ची वेगळी, आणि 'तू म्हणशील तसं'ची एक लांबलचक, शेवटी खाली उतरत जाणारी. भांडण झालं की ती मुद्दाम असे प्रश्न विचारायची ज्यांना शीळ पुरणार नाही.

त्या दिवशी त्याने खालचं मेन स्विच बंद केलं होतं. तो वर मोटारीच्या खोलीत होता आणि कामावरचा जोडीदार तारांचं वेटोळं आणायला जिन्यात गेला होता. खाली इमारतीतल्या कुणाला तरी लिफ्ट बंद दिसली आणि स्विच पडलेलं दिसलं. त्या भल्या माणसाने ते वर केलं. त्याचा वाईट हेतू नव्हता. पुढे तो दवाखान्यात येऊन ओक्साबोक्शी रडला, आणि त्यालाच गप्प करायची वेळ तिच्यावर आली. वीज उजव्या हातातून आत गेली आणि डाव्या टाचेतून बाहेर पडली. जोडीदाराने लाकडी स्टुलाने ढकलून त्याला सोडवलं, छातीवर दाब देत राहिला, म्हणून प्राण राहिले. ती पोचली तेव्हा तो पांढऱ्या चादरीवर पडला होता, आणि तिला दिसलं ते फक्त उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांपाशी एक काळपट, खोलगट डाग आणि टाचेला एक छोटं भोक. एवढंच? तिच्या मनात आलं. सुटले, देवा. मग डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. बाहेर दिसतंय त्यावर जाऊ नका, ते म्हणाले. आगीने भाजलं तर कातडी जळते, ते डोळ्यांना दिसतं. वीज आतून वाट काढत जाते. शिरांवरून, स्नायूंतून, मज्जातंतूंतून. जाताना काय काय भाजून गेली ते आज आम्हालाही सांगता येणार नाही. ते हळूहळू कळेल.

ते हळूहळूच कळत गेलं. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. आत मेलेल्या स्नायूंचा तो रंग, मूत्रपिंडं चोंदू नयेत म्हणून सलाइन धो धो चाललेलं. हृदय मध्येच अडखळायचं आणि उशाचं यंत्र किंचाळायचं. हात सुजून दगड झाला, तेव्हा रक्त वाहतं राहावं म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत चिरून उघडा ठेवला. मांडीची कातडी काढून तिथे लावली. करंगळी मात्र वाचली नाही. ती काढावी लागली, तेव्हा नणंद दवाखान्याच्या पायरीवर तिचा हात घट्ट धरून म्हणाली होती, "जिवावरचं बोटावर निभावलं गं. आता रडू नकोस." तिने डोळे पुसले. नंतर भेटायला येणारा जो तो तेच म्हणायचा. शेजारी, मामा, जोडीदार, साहेब. जिवावरचं बोटावर निभावलं. इतक्यांदा ऐकलं की तीही फोनवर तेच सांगायला लागली. खोटं नव्हतंच ते. लाखात एखादा वाचतो अशातून. फक्त नेमकं काय निभावलं आणि काय राहून गेलं, ते तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

घरी आल्यावर पहिल्यांदा हरवले ते शब्द. गाळणी हवी असायची, हातवारे करून म्हणायचा, ते दे गं, ते, भोकांचं. पहिल्यांदा दोघं हसली. मग कुलूप गेलं, गुरुवार गेला, समोरच्या गल्लीचं नाव गेलं. ज्या माणसाला शेकडो तारांचे रंग अंधारात ओळखता यायचे, तो दुकानातून दोन वस्तू आणायला जायचा आणि रिकाम्या हाताने परतून पायरीवर बसायचा. हातातली कळ तर वेगळीच. जखम भरली, वण पांढरे पडले, तरी पंख्याचा वारा लागला की तो दात आवळायचा. मुंग्या लाल तिखट घेऊन हाडातून चालतात, असं तो म्हणायचा. चादर टेकली तर ओरडायचा. झोपेत तिचा हात चुकून लागला आणि तो किंचाळून उठला, त्यानंतर तिने आपली उशी लेकीच्या खोलीत नेली. तात्पुरती म्हणून नेली होती. मग एक दिवस उजव्या डोळ्याला धुकं दिसायला लागलं. चाळिशीच्या आत मोतीबिंदू, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर चकित झाल्या आणि सहज विचारून गेल्या, कधी मोठा शॉक बसला होता का? होतं असं, पुष्कळ दिवसांनी. तेही ऑपरेशन झालं. बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल. ते कागद बघून साहेबांनी त्याला कामावर परत घेतलं, गोदामात बसवलं, आणि आकडे चुकायला लागले तेव्हा तोंडावर नाही पण मागे म्हणालेच की अंगचोरी करतो. त्याने काम सोडलं. नळ नीट बंद झाला नाही म्हणून एकदा त्याने पेला भिंतीवर फेकला. काचा तिने गोळा केल्या. तासाभराने तो येऊन विचारू लागला की पेला कुणी फोडला.

तरी तो सुधारत होता, हे तिने स्वतःशी कधी नाकारलं नाही. डाव्या हाताने बटणं लावायला शिकला. बादली उचलायला लागला. व्यायामाच्या केंद्रात एकटा बसने जायला लागला. राग यायच्या आधी उठून गॅलरीत जायचं, एवढं त्याने स्वतःला लावून घेतलं. प्रत्येक वेळी घरात आनंद व्हायचा, ती नणंदेला फोन करायची, आणि आत कुठेतरी, कुणाला न सांगता, ती दाराकडे बघायची. बादली उचलली म्हणजे तो निघाला. एकट्याने बस पकडली म्हणजे आता वेशीपाशी आला असेल. तिला प्रत्येक सुधारणा म्हणजे निरोप वाटायचा, की निघालोय, पोचतो. ती वाट बघत होती. घरातल्या माणसाला जेवायला वाढायची, त्याच्या गोळ्या काढून द्यायची, त्याच्याशी बोलायची, आणि वाट बघायची. आणि तो आला तेव्हा कुणा परक्याच्या कानात आला. फोनवर. ती घरात नाही असं समजून.

शेवटी तिने विचारलं. भाजी निवडताना, वर न बघता, जणू सहज, की परवा फोन कुणाचा होता. त्याने लपवाछपवी केली नाही. पाववाली, म्हणाला. केंद्रात येते. बेकरीत कणीक तिंबायच्या मशीनचा शॉक बसला तिला, माझ्या आधी. आम्ही चौघं-पाचजण आहोत तसे. एक वेल्डर आहे, एक कॉलेजातला आहे. व्यायाम झाला की बसतो. बोलतो. मग म्हणाला, मजेशीर बाई आहे. तिला ते 'मजेशीर' लागलं. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, अगं लक्ष ठेव बाई, पुरुषाची जात. आणि लगेच स्वतःच म्हणाली की छे, तो बिचारा कसला. दोन्ही ऐकून तिला सारखंच वाईट वाटलं. लेकीला मात्र सगळं ठाऊक होतं. सुट्टीत बाबा तिला केंद्रात घेऊन गेले होते आणि पाववालीने तिला मऊ, गरम, आत लोणी भरलेले पाव दिले होते. मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर लेक गोंधळली. "तू नेहमी दमलेली असतेस ना," ती म्हणाली. मग वेणी घालून घेता घेता, फणीला डोकं देत, तिने विचारलं, "आई, बाबा पहिल्यापासून असेच आहेत ना?" फणी थांबली. शॉक बसला तेव्हा पोर बालवाडीत होती. तिला शिळा आठवत नव्हत्या. खांद्यावर बसून पंख्याला हात लावल्याचं आठवत नव्हतं. तिला एकच बाबा माहीत होते, बाही दुमडलेले, मधूनच शब्द हरवणारे, आणि ते तिला पुरेसे होते. म्हणजे त्या माणसाला ओळखणारी या घरात आपण एकटीच उरलो, हे तिला तेव्हा कळलं, आणि अंगावरची शाल कुणी ओढून घ्यावी तसा गारठा आला. "हलू नकोस," ती म्हणाली आणि वेणी जरा जास्तच घट्ट आवळली.

पुढच्या आठवड्यात तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न कळवता केंद्रात गेली. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. चोर पकडायला जातात तशी ती गेली नव्हती. दूरच्या नातेवाइकाची गाडी येणार म्हणून स्टेशनावर जातात, तशी काहीशी. लांबलचक खोली, एका बाजूला चाकं-दोऱ्या लावलेली व्यायामाची लोखंडी घोडी, दुसऱ्या बाजूला काचेपलीकडे एक टेबल. टेबलाशी तो बसला होता. उजवा हात टेबलावर सोडलेला, तळवा वर, आणि डोळे मिटलेले. समोर एक थोराड बाई, साठीला आलेली, आखूड पांढरे केस, डाव्या हाताला कोपरापर्यंत घट्ट मोजा. उजव्या हातात तिने मऊ केसांचा रुंद ब्रश धरला होता, पावांवर दूध फिरवतात तसला, आणि ती तो त्याच्या मनगटावरून बोटांकडे फिरवत होती. हळू. पुन्हा हळू. तो दात आवळत होता, पण हात मागे घेत नव्हता. जिथे करंगळी होती तिथे ब्रश आला, तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली आणि बाई थांबली. काहीतरी पुटपुटली. त्याने मान हलवली, चालू दे. काचेच्या अलीकडे ती उभी होती, आणि तिला जे वाटलं त्याला मत्सर म्हणणं सोपं होतं. पण मत्सर करायला त्या बाईत काहीच नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की त्या हाताला स्पर्श होतोय. ज्याला हात लावायचा नाही म्हणून ती घरात चार हात अंतर ठेवून वावरली, तो हात दुखत दुखत, थोडा थोडा, लावून घेत होता. आणि घरी तिने कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी मागितलं नव्हतं.

पाववालीने मान वर केली आणि तिला बघितलं. ब्रश खाली ठेवला, त्याला काही न सांगता बाहेर आली. तुम्ही त्याच्या मिसेस, असं म्हणाली, विचारलं नाही. फोटोत बघितलंय म्हणाली. दोघी जिन्याजवळच्या बाकावर बसल्या. पाववालीच्या अंगाला खमिराचा आंबूस वास होता. आधी कापूस, मग मखमल, मग ब्रश, मग खरखरीत टॉवेल, असं करत करत नसांना शिकवायचं असतं, ती सांगत होती. की बाबांनो, सगळंच काही विस्तव नाही. वर्षं लागतात. आम्ही एकमेकांचं करतो, कारण आम्हाला एकमेकांची दया येत नाही. मग ती थोडा वेळ मोज्यातली बोटं उघडत-मिटत बसली.

"माझे मिस्टर चांगले होते," ती म्हणाली. "रागावून नाही गेले. थकून गेले. ज्या बाईशी लग्न केलं ती परत येईल म्हणून थांबले, थांबले. आणि मी आपली घरातच होते."

पाववाली उठली. आत याल का, असं तिने विचारलं. ती नको म्हणाली. बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं की आपण त्या बाईला साधं बरंय, येते, असंही म्हणालो नाही.

तो परतला तेव्हा उन्हं गॅलरीच्या कठड्यावरून उतरत होती. लेक खाली मैत्रिणीकडे गेली होती. तिने चहा ठेवला, दोन कप भरले, आणि तो टेबलाशी बसल्यावर म्हणाली की मी आज केंद्रात आले होते. सांगितलं तिने, तो म्हणाला. कपातून वाफ येत होती. तो डाव्या हाताने कपाचा कान धरून कप फिरवत राहिला. मग ती म्हणाली, मला का नाही सांगितलंत? मी नसतं का केलं ब्रशाचं? मी काय परकी? आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी तो चढलाच. ती वाट बघत होती की तो आता उठून गॅलरीत जाईल. तो उठला नाही. शब्द शोधत होता; तिला आता त्याच्या गप्प बसण्यातले प्रकार ओळखता यायचे, हा रागाचा नव्हता, शोधण्याचा होता. ती थांबली.

"तिथे मला कुणी आधीपासून ओळखत नाही," तो म्हणाला. "शब्द नाही सापडला तर नाही सापडला. हसू आलं तर आलं. घरी हसू आलं की वाटतं, तू धावत येशील. बघशील, की तो आला का. आणि मग तो नसतो. मग तुझा चेहरा..." पुढचा शब्द मिळाला नाही. त्याने हाताने खाली उतरल्यासारखं काहीतरी दाखवलं. "तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखं बघतेस. मी बाजूला झालो तर बरं, असं."

तसं नाही, असं म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही. पण ती ज्या केसांना हात लावून पॅसेजमध्ये उभी राहिली होती, ते केस तिच्या कानामागे होते, आणि खोटं बोलायला बळ लागतं. ती म्हणाली, "हो." एवढंच. चहावर साय धरायला लागली. तिला वाटलं आता सगळं मोडलं. जे इतके दिवस पदराआड झाकून आणलं ते फरशीवर सांडलं. पण तो तिच्याकडे शांतपणे बघत होता, जवळजवळ कुतूहलाने, आणि मग त्याने विचारलं की कसा होता तो, सांग ना. शॉकच्या आधीचं वर्षभर तर मला धड आठवतच नाही. त्या आधीचंही आठवतं ते फोटोत बघितल्यासारखं. सगळे म्हणतात, तू असा होतास, तसा होतास. तू कधी काही सांगितलं नाहीस.

मग ती सांगायला लागली. पहिल्यांदा अडखळत, तुम्ही असं करायचात, तुम्ही तसं म्हणायचात. पण दोन-चार वाक्यांत 'तुम्ही' गळून पडलं आणि 'तो' आला, आणि ते जास्त खरं वाटलं, दोघांनाही. मामांच्या घशात अडकलेला चहा सांगितला. शिळा सांगितल्या, घालून दाखवायला गेली तर नुसती हवा आली. तो रागीट नव्हता असं नाही, पण राग आला की भांडी घासायला घ्यायचा, त्यामुळे घरात भांडण झालं की स्वयंपाकघर लख्ख. पैजेवर कच्ची कारली खाल्लेली. लेक जन्मली तेव्हा दवाखान्याची लिफ्ट कुरकुरते म्हणून आधी तिची दुरुस्ती करून मग बाळ बघायला आलेला, आणि त्यावरून ती महिनाभर बोललेली नव्हती. तो ऐकत होता. चाळीतल्या एखाद्या जुन्या शेजाऱ्याची हकीकत ऐकावी तसा, मध्येच मान हलवत, मध्येच 'खरंच?' म्हणत. वाईट गोष्टीही सांगितल्या. बहिणीच्या लग्नात तो कुणाशी तरी कसा उर्मट बोलला होता, तेही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती हे सगळं चार वर्षं कुणाशीच बोललेली नाही. मेलेल्या माणसाबद्दल निदान लोक विचारतात. जिवंत माणसाची आठवण येते, हे कुणाला सांगायचं?

"आणखी?" त्याने विचारलं.

आणखी एक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका नव्या, अजून कुणी राहायला न आलेल्या इमारतीत तो तिला घेऊन गेला होता. लिफ्ट त्याने स्वतः बसवली होती, लोकांसाठी सुरू व्हायची होती. आत नव्या प्लायवूडचा वास होता. सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये त्याने ती थांबवली, दिवा घालवला आणि म्हणाला, आता आपला कुठलाच पत्ता नाही. अंधारात दोर किंचित वाजत होते, खूप लांबून कुणी तंबोरा लावत असल्यासारखे. तिचं डोकं मागच्या फळीवर आपटू नये म्हणून त्याने तिच्या केसांमागे आपला उजवा हात आधीच धरून ठेवला होता, पाची बोटं पसरून. ती कितीही मागे रेलली तरी तो हात तिथे होता. किती वेळ, ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. खाली येताना दोघंही एकमेकांकडे न बघता, शाळेतल्या मुलांसारखी, समोर दाराकडे बघत उभी होती.

तिने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, मान हलवली असती, खरंच, असं म्हणाला असता. तेवढं तिला नको होतं.

"एवढंच," ती म्हणाली.

तो कपाकडे बघत होता. चहा गार झाला होता, दोघांचाही. अंगठ्याने त्याने टेबलाची कड थोडा वेळ घासली, आणि तिला वाटलं की पुन्हा शब्द शोधतोय. पण शब्द त्याच्याजवळ होता. बोलावा की नाही याचाच तो विचार करत होता बहुधा.

"मलाही त्याची आठवण येते," तो म्हणाला.

खाली कुणाच्या तरी घरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, गल्लीत एक सायकल खडखडत गेली. मग ती दोघं, सांत्वनाला आलेली माणसं बसतात तशी, बोलायचं संपलं तरी उठवेना म्हणून, एकमेकांना सोबत देत तिथे बसून राहिली.